इतिहासाच्या पुस्तकावर भांडून झालं असेल तर तासाबद्दल बोलूया का?

दर वर्षी एकदा तरी हे होतंच. कुठल्यातरी इयत्तेचं इतिहासाचं नवं पुस्तक येतं, कुणीतरी एका पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि मग चार दिवस सगळे तापलेले. २०१७ ला आपल्या सातवीच्या पुस्तकात मुघलांचा भाग कमी झाला म्हणून वाजलं. २०२५ ला एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलं म्हणून तिथल्या राजघराण्याकडून आक्षेप आला आणि एनसीईआरटीला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. ही भांडणं फालतू आहेत असं नाही, पुस्तकात काय छापलंय ते महत्त्वाचंच. पण ते पान ज्या वर्गात उघडणार तिथे इतिहासाला आठवड्याला किती तास मिळतात, शिकवणाऱ्या बाई मूळ कुठल्या विषयाच्या, त्यांच्याकडे पुस्तक आणि खडू सोडून अजून काय आहे, यावर चार दिवस सोडा, चार मिनिटं पण कुणी बोलत नाही.

म्हणून हे लिहितोय. सरकारी शाळेत इतिहास आणि बाकीची सामाजिक शास्त्रं शिकवायला मदत करा, सपोर्ट द्या, असं अधूनमधून कानावर येतं. पण म्हणजे नक्की काय द्यायचं, कुणाला द्यायचं आणि मुळात त्याची गरज काय, ते जमेल तितकं सोपं करून सांगतो. सरकारी शाळा म्हणजे इथे महापालिकेच्या शाळा, आणि ज्यांचे पगार सरकार करतं त्या अनुदानित शाळासुद्धा.

सामाजिक शास्त्रं म्हणजे काय काय

हे पटकन उरकूया. आपल्या स्टेट बोर्डात पाचवीपर्यंत 'परिसर अभ्यास' असतो, चौथीत त्यातच शिवछत्रपती येतात. सहावीपासून इतिहास आणि नागरिकशास्त्र एका पुस्तकात, भूगोल वेगळ्या. नववी-दहावीत नागरिकशास्त्राचं राज्यशास्त्र होतं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा ४० मार्कांचा पेपर, भूगोलाचा ४० चा, आणि २० शाळेच्या हातात. माणसं एकत्र कशी राहतात, कशी भांडतात, कायदे कोण करतं, पैसा कुठून कुठे जातो, हे सगळं या एका विषयात कोंबलेलं आहे. आणि घरोघरी याला 'पाठांतराचे विषय' म्हणतात.

हे काम पाठांतराचं नाही, कागद तपासण्याचं

मुंबईत राहणाऱ्याला हे समजवायला लांब जायची गरज नाही. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, स्कीम आली की वस्तीत काय होतं ते आठवा. प्रत्येक झोपडीमागे एकच प्रश्न, पात्र की अपात्र. १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहताय का, दाखवा. मग कुणी लाइटचं बिल काढतं, कुणी मतदारयादीतलं नाव, कुणी जुनं रेशनकार्ड. एक जण छातीठोक सांगतो की आमचे आजोबा बांगलादेश युद्धाच्या वर्षापासून इथे आहेत, पण हातात कागद नाही. दुसऱ्याकडे कागद आहे आणि सगळ्या गल्लीला माहितीये की तो कागद बनवलेला आहे. तिसरी एक बाई खरंच तीस वर्षं राहतेय, पण बिल दिराच्या नावावर, कार्ड नवऱ्याच्या नावावर, तिचं स्वतःचं नाव कशावरच नाही. आता या सगळ्यांना एकत्र बसवून इथे कोण कधी आलं आणि वस्ती कशी उभी राहिली ते लिहायला सांगा. कुणाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, कुठला कागद कुणी आणि कशासाठी केला, कुणाचा कागदच नाही म्हणून ती व्यक्ती नव्हतीच असं म्हणायचं का, हे सगळे प्रश्न येतात. इतिहासकार रोज हेच करतो, फक्त त्याची वस्ती दोनशे नाहीतर दोन हजार वर्षांपूर्वीची असते.

या कागदांना, वस्तूंना, आठवणींना शाळेच्या भाषेत 'साधनं' म्हणतात. त्या काळातलं, त्या माणसांचं जे असतं ते प्राथमिक साधन, नंतर कुणीतरी ते वाचून लिहिलेलं ते दुय्यम. झालं, पुढचं समजायला एवढी शब्दावली पुरे.

एक धडा नीट शिकवला तर कसा दिसतो

उदाहरण प्लेगचं घेऊ, कारण यात मुंबई पण आहे आणि चारही विषय पण आहेत.

आठवीच्या पोरांना पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याचा खून माहिती असतो. चापेकर बंधू, पुणे, २२ जून १८९७, एका ओळीत उत्तर. पण त्याच्या आधी इकडे मुंबईत काय चाललं होतं ते त्या ओळीत येत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे पेशंट सापडले, डॉ. अकासियो व्हिएगास यांनी ते ओळखलं. मांडवीच का? इथे भूगोल येतो, गोदी जवळ, धान्याची गोदामं, उंदीर, आणि एकेका खोलीत कोंबलेली माणसं. मग लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले, गिरण्यांना कामगार मिळेना, हे झालं अर्थशास्त्र. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला, त्यात घरात शिरून तपासणी, माणसं उचलून नेणं, सामान जाळणं या सगळ्याला आधार मिळाला, हे नागरिकशास्त्र. आणि लोकांनी ते मुकाट्याने सोसलं नाही. कायदा व्हायच्या आधीच, १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, मार्च १८९८ मध्ये प्लेगच्या तपासणीवरूनच शहरात दंगल झाली.

आता वर्गात दोन कागद ठेवा. एक सरकारी अहवालातला उतारा, ज्यात लिहिलेलं असणार की लोक अडाणी आहेत, उपचाराला विरोध करतात. दुसरा त्या काळच्या एखाद्या देशी वर्तमानपत्रातला, ज्यात सोजीर, म्हणजे गोरे सैनिक, बायकांच्या खोलीत शिरतात याची तक्रार असणार. पोरांना विचारा, यातलं खरं कुठलं? पहिल्या पाच मिनिटांत वर्गाचे दोन गट पडतील, मग एखादी मुलगी म्हणेल की दोन्ही खरं असू शकतं की. तिथून तास सुरू झाला असं समजा.

आणि मग त्यांना सांगा की करोना आला तेव्हा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. आणि सुरुवातीचे संशयित पेशंट मुंबईत जिथे ठेवले ते चिंचपोकळीचं कस्तुरबा हॉस्पिटल म्हणजे तेच जुनं आर्थर रोडचं हॉस्पिटल. आज दहावीत असलेली मुलं तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, त्यांना गल्लीच्या तोंडाला लावलेले बांबू आठवतात, बिल्डिंग सील झालेली आठवते, गावाला जाणाऱ्यांची गर्दी आठवते. त्यांच्याकडे तुलना करायला स्वतःचा माल आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी), म्हणजे शहर सुधार ट्रस्ट आला, त्यातून बीआयटी चाळी झाल्या, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती झाली, मोठे रस्ते निघाले. म्हणजे कुणाची घरं पडली आणि कुणाची झाली हा पुढचा प्रश्न तयारच आहे. एका साथीत सहा तासांचा ऐवज आहे. आपल्याकडे त्याला मिळतो अर्धा परिच्छेद.

दुसरं उदाहरण छोटं देतो पण मला फार आवडतं. धारावीत काळा किल्ला आहे, तिथल्या पोरांच्या पायाखालचा. त्यावरच्या दगडी पाटीवर लिहिलंय की मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७ मध्ये बांधला. आता सातवीच्या वर्गाला विचारा, इंग्रजांना बरोबर १७३७ लाच इथे, बेटाच्या उत्तर टोकाला, किल्ला का सुचला? त्याच वर्षी मराठ्यांनी ठाणे शहर घेतलं होतं आणि साष्टीत उतरले होते, चिमाजी आप्पांची वसईची मोहीम सुरू झाली होती, ती १७३९ ला वसई घेऊनच संपली. खाडीपलीकडे मराठे आल्यावर इकडे इंग्रजांची झोप उडाली असणार, हे अनुमान बारा वर्षांचं पोरगं स्वतः काढू शकतं. आणि ते स्वतः काढलेलं असल्यामुळे सनावळी न घोकता लक्षात राहते.

पुस्तकात हे असतंच की, मग अडतं कुठे?

गंमत अशी की आपलं दहावीचं पुस्तक या बाबतीत वाईट अजिबात नाही. २०१८ ला आलेलं हे पुस्तक उघडलं तर पहिले दोन धडे कुठल्या राजाचे नाहीतच, इतिहास लिहितात कसा यावर आहेत. रांके, मार्क्स, फुको, स्त्रीवादी इतिहासलेखन, वंचितांचा इतिहास. पुढे प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, जुन्या ठेव्यांचं जतन. बालभारतीत बसून ज्यांनी हे ठरवलं त्यांना खरंच मुलांनी प्रश्न विचारावेत असं वाटत असणार.

पण मग परीक्षा येते. योग्य पर्याय निवडा, आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण. चुकीची जोडी ओळखा. संकल्पनाचित्र पूर्ण करा. टीप लिहा. म्हणजे शंका घ्यायला शिकवणारा धडा आणि त्याच्यावर रिकाम्या जागा भरा. व्हॉल्टेअर हे उत्तर गोल केलं की एक मार्क, व्हॉल्टेअरने काय वेगळं केलं ते नाही सांगता आलं तरी चालतंय. उतारा वाचून उत्तरं लिहा असा प्रश्न असतो खरा, पण तो उतारा बहुतेक वेळा पुस्तकातलाच असतो, त्यामुळे वाचायची गरज पडत नाही, आठवायची पडते. क्लासवाले आणि गाईडवाले यात तरबेज आहेत, त्यांना दोष देण्यात पण अर्थ नाही, पेपर जसा तसा धंदा.

मार्कांचं वजन किती असतं हे २०१९ ला सगळ्यांनी बघितलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून टाकले होते, आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, मार्क परत आले. ते २० मार्क म्हणजे खरं तर सोन्यासारखी जागा आहे, तिथे क्षेत्रभेट, मुलाखत, कागद वाचणं असं सगळं बसू शकतं. प्रत्यक्षात तिथे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला चार्ट आणि नेटवरून उतरवलेली दहा पानं बसतात, वर थर्माकोलचा किल्ला.

आणि 'सोपा विषय' या समजाबद्दल. परख नावाचं राष्ट्रीय सर्वेक्षण डिसेंबर २०२४ ला झालं, देशभरातल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं. त्यात नववीच्या मुलांची सामाजिक शास्त्रातली सरासरी ४० टक्के आली. विज्ञानाची किती? तेवढीच, ४०. गणित ३७. म्हणजे ज्या विषयाला आपण 'आदल्या रात्री वाचून होतो' म्हणतो तो मुलांना विज्ञानाइतकाच जड जातोय. फरक एवढाच की गणित-विज्ञानात पोरगं मागे पडलं की घरात धावपळ होते, इतिहासात पडलं तर कुणाच्या लक्षात पण येत नाही.

शिकवतंय कोण

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे २००९ चा, सांगतो की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. कागदावर ठीक. पण सामाजिक शास्त्रांचा शिक्षक म्हणजे कोण? टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरला १५० पैकी ६० मार्क विषयाचे असतात, गणित-विज्ञान घ्या नाहीतर सामाजिक शास्त्रं घ्या. ज्याला गणित-विज्ञान नको तो इकडे येतो, मग त्याचं बीए मराठीत असो की हिंदीत. तो माणूस वाईट शिक्षक असतो असं नाही, उलट मराठीचे शिक्षक कधीकधी इतिहास फार रंगवून शिकवतात. पण रंगवून सांगणं आणि कागद वाचायला शिकवणं यात अंतर आहे, आणि ते दुसरं त्याला कॉलेजात कुणी शिकवलेलं नसतं. भूगोलाचं तर विचारूच नका, नकाशाभरणाच्या तासाला अर्धे शिक्षक स्वतः पुस्तक शोधत असतात.

संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पट घसरला की पद जातं. मग उरलेल्यांनी वाटून घ्यायचं. गणित कुणालाही देता येत नाही, इंग्रजी देता येत नाही, इतिहास मात्र 'कोणीही घेईल'. या दोन शब्दांनी या विषयाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याच पुस्तकाने केलं नसेल.

त्यात वेळ. तोच शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी कामाला लावू नका. पण ही तीन कामंच केवढी आहेत बघा ना, २०२७ ची जनगणना आली, मतदारयाद्या तर बारा महिने चालूच. शिवाय खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं. सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी नाही. वीस वर्षं शिकवलेल्या बाई आता रात्री बसून बालमानसशास्त्राचे पर्याय सोडवतायत. कोर्टाचं बरोबर की चूक तो वेगळा विषय, पण त्या बाई या वर्षी प्लेगचे दोन उतारे शोधून झेरॉक्स काढतील अशी अपेक्षा करू नका.

मग सपोर्ट म्हणजे द्यायचं काय?

नवा धडा नको. खरंच नको. प्रत्येक सरकारला, प्रत्येक संघटनेला अजून एक धडा घालायचा असतो आणि तास तेवढेच राहतात.

माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे वाचता येतील अशी साधनं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं, त्यात मुंबईचा अख्खा संसार पडलाय. पण ते इंग्रजी हस्ताक्षरात नाहीतर मोडी लिपीत. सातवीच्या पोराला ते देऊन काय होणार? कुणीतरी बसून त्यातून अर्ध्या-अर्ध्या पानाचे उतारे निवडायला हवेत, सोप्या भाषेत आणायला हवेत, खाली हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं एवढ्या तीन ओळी टाकायला हव्यात. आणि एकट्या मराठीत करून भागणार नाही, महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. गोवंडीच्या उर्दू शाळेतल्या सरांना तो उतारा उर्दूत मिळाला नाही तर त्यांच्यासाठी तो नाहीच. हे काम एका शिक्षकाने करायचं नाही, एकदा नीट करून सगळ्यांना वाटायचं. विद्यापीठातल्या इतिहासाच्या विभागांनी, एमए करणाऱ्या मुलांनी यात हात घातला तर बरंच होईल.

दुसरं म्हणजे शाळेच्याच कपाटात असलेलं सामान. जुन्या शाळांत जनरल रजिस्टर असतं, दाखला काढायला आपण सगळेच त्याच्यामागे धावतो. त्यात मुलाचं जन्मगाव, जात, आधीची शाळा, शाळा कधी आणि का सोडली असं सगळं लिहिलेलं असतं. परळ-लालबागच्या एखाद्या शाळेचं १९८० ते १९८५ चं रजिस्टर घ्या, नावं झाकून, नुसते बाकीचे रकाने फळ्यावर मांडा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर शाळा सोडणाऱ्यांचा रकाना भरत जातो का, कारण काय लिहिलंय, कुठल्या गावचे दाखले मागितलेत, हे मुलांना मोजू द्या. आलेख गणितात काढा हवा तर. काही सापडलं नाही तर ते का सापडलं नसेल हा पण प्रश्नच आहे. याला शून्य रुपये लागतात. लागते मुख्याध्यापकांची परवानगी, आणि 'ऑडिटला काय सांगू' ही भीती घालवणारं वरून एक पत्र.

तिसरं बाहेर नेणं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम १८७२ पासून तिथेच आहे, पोरं राणीच्या बागेत पेंग्विन बघून त्याच्या दारावरून परत येतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची तर बस आहे, म्युझियमच शाळेच्या दारात येतं. कान्हेरी, शिवडीचा किल्ला, सायनचा किल्ला, ऑगस्ट क्रांती मैदान, सगळं लोकलच्या अंतरावर. अडतं ते बसच्या पैशात, परवानग्यांत आणि दुपारच्या सत्राला पाचच्या आत परत आणण्यात.

पैशाचं म्हणाल तर एक तुलना सांगतो. शाळांतल्या तंत्रज्ञानाच्या अटल टिंकरिंग लॅबला केंद्राकडून शाळेमागे २० लाखांपर्यंत मिळतात. चांगली गोष्ट आहे, पोरं थ्रीडी प्रिंटर बघतात. सामाजिक शास्त्रांसाठी अशी कुठली योजना आठवून बघा. भिंतीवरचे नकाशे पण काही शाळांत अजून जुने आहेत, तेलंगणा २०१४ ला वेगळा झाला याची त्यांना खबर नाही.

आणि शेवटचं, पण खरं तर पहिलं, पेपर. बोर्डाने इतिहासाच्या पेपरात एक, फक्त एक, न बघितलेला उतारा टाकला आणि त्यावर हे कुणी लिहिलं असेल, का लिहिलं असेल असं विचारलं तर एका वर्षात सगळे क्लास उतारे वाचायला शिकवायला लागतील. बाकी सगळी प्रशिक्षणं एकीकडे आणि हा बदल एकीकडे.

'आधी नीट वाचायला तरी येऊ दे त्यांना'

हा आक्षेप शिक्षकच घेतात आणि तो खोटा नाही. सहावीत येऊन अडखळत वाचणारी मुलं आहेत. पण वाचायला येतं कशाने? वाचून. आणि मुलं काय वाचतील, ज्यात त्यांना काहीतरी शोधायचं असेल ते. अर्ध्या पानाचा उतारा आणि एक भांडणाचा प्रश्न हे वाचनाच्या तासाला पण चालतं. भाषा आणि इतिहास एकमेकांचे तास खातात असं आपण धरून चाललोय, त्यापेक्षा दोन तास जोडून बघायला काय हरकत आहे. एकाच शिक्षकाकडे दोन्ही विषय असतात, मग हे जमायला उलट सोपं.

'इतिहास घेऊन पोरगा करणार काय?'

बहुतेक पोरं इतिहास 'घेणार' नाहीयेतच, दहावीनंतर आयटीआय, कॉमर्स, जे असेल ते. म्हणूनच तर दहावीपर्यंतचं नीट हवं, नंतर संधी नाही. मुंबईचंच घ्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं २२७ नगरसेवकांच्या जागी एक प्रशासक. २०२२-२३ ला सहावीत 'शहरी स्थानिक शासनसंस्था' हा धडा शिकलेलं पोरगं नववीत पोचलं तेव्हा कुठे त्याच्या वॉर्डात नगरसेवक आला. त्या मुलाने पेपरात लिहिलं असणार की नगरसेवक दर पाच वर्षांनी निवडून येतात, आणि पूर्ण मार्क मिळाले असणार. मग आमच्या गटाराची तक्रार कुणाकडे, बजेट कोण मंजूर करतंय, हे महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात बसतं का, हे विचारायची केवढी आयती संधी होती. हीच पोरं पुढे सोसायटीच्या मीटिंगला, वॉर्ड ऑफिसला, युनियनमध्ये जाणार आहेत. नोकरीचं माहीत नाही, पण समोरच्याने कागद फिरवला तर तो उलटून बघायची सवय कुणाला नको असते?

'शिक्षक आपलंच राजकारण घुसवतील'

घुसवतील. काही जण आत्ता पण घुसवतात, पुस्तक कुठलंही असो. कुर्ला, मालवणी, गोवंडीच्या वर्गात ठरावीक धडे आले की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात, आणि तिथे शिक्षकाचा एक टोमणा वर्षभर पुरतो. पण याच्यावर उपाय म्हणून शिक्षकाला नुसतं पुस्तक वाचून दाखवायला लावलं तर टोमणा बंद होत नाही, फक्त प्रश्न बंद होतात. ज्या वर्गात समोर दोन कागद आहेत आणि मुलांनी बोलायचंय तिथे शिक्षकाला स्वतःचं मत रेटणं जास्त अवघड जातं, कारण मागच्या बाकावरचं पोरगं म्हणू शकतं की सर पण यात तर तसं लिहिलं नाहीये.

उलटी बाजू पण आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. बऱ्याच शिक्षकांना हल्ली भीती वाटते. कुणी व्हिडिओ काढला, अर्धं वाक्य कापून टाकलं तर? म्हणून ते पुस्तकाच्या ओळीबाहेर जातच नाहीत. सपोर्टमध्ये हे पण येतं, की मंजूर साधनं वापरून शिकवणाऱ्या शिक्षकामागे मुख्याध्यापक आणि खातं उभं राहील असं लेखी असणं.

'युट्युबवर सगळं आहे'

आहे, आणि त्यातलं बरंच छान पण आहे. पण तिथे एक माणूस सांगतो आणि तुम्ही ऐकता. त्याने हे कुठून आणलं ते विचारता येत नाही. ज्याला विचारायची सवय लागलीये त्याला युट्युबचा फायदा जास्त होतो, ज्याला नाही त्याला ढोलताशाचं पार्श्वसंगीत लावलं की काहीही खपतं.

पालकांच्या हातात काय आहे

थोडं आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती ठेवलीये, त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. बहुतेक ठिकाणी ती सह्या करायला जमते, चहा पितात आणि जातात. पण महापालिकेच्या शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, म्हणजे क्षेत्रभेटीची बस, नकाशे, वाचनालयातली पुस्तकं यांची मागणी तिथून लेखी जाऊ शकते. पुढच्या मीटिंगला शौचालय आणि गणवेश झाल्यावर दोनच गोष्टी विचारून बघा. इतिहास-भूगोल कोण शिकवतं आणि त्यांच्या तासाला वर्षभरात किती वेळा दुसरं काम लावलं, आणि त्या २० मार्कांसाठी पोरांकडून नक्की काय करून घेतलं. ज्या चार्टवर 'छान' असा शेरा आहे तो चार्ट पण दाखवायला सांगा.